पळसदेवचे बुडीत मैदान आणि माझा प्रलंबित अर्ज

विषय : ज्या मैदानावर सामना झाला ते मैदान जमीन आहे की पाणी, याबाबत निर्णय मिळणेबाबत.

अर्जदार : भीमाकाठ पदकंदुक मंडळ, पळसदेव, तालुका इंदापूर, तर्फे मंडळाचा कायदेशीर सल्लागार, म्हणजे मी.

सामनेवाले : एक सरकारी कार्यालय. नाव लिहीत नाही, कारण त्याच्याच फाटकाबाहेर माझे टेबल आहे.

घटनास्थळ : उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ. उन्हाळ्यात सापडतो, पावसाळ्यात सापडत नाही.

घटनेची तारीख : गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरून जुने देऊळ पायापर्यंत उघडे पडले, त्यानंतरचा रविवार.

साक्षीदार : सोपानराव, धंदा मासेमारी, मंडळाचे संस्थापक, त्यांच्या पत्नी मंदाकाकू, जाळ्यांच्या मालक, त्यांची कन्या कोमल, गोलरक्षक व मुलींच्या संघाची कर्णधार, गौतम सर, प्रशिक्षक, बबनराव, मका उत्पादक (साक्ष फिरवण्याची शक्यता). याखेरीज सगळे गाव.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे धंद्यातले अनुभव मागितले. आजवर इतरांच्या नावाने लिहिले. स्वतःच्या नावाने लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. मथळ्यावाचून माझा हात चालत नाही, म्हणून तो वर घातला आहे. वाचकांनी त्याचा राग मानू नये.

अनभिज्ञ वाचकांसाठी प्रथम धंद्याचा खुलासा करतो. मी अर्जनवीस आहे. इंदापुरात कचेऱ्यांच्या आवाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल असते. शिक्षण नववी. दहावीस बसलो होतो, परंतु परीक्षेने सहकार्य केले नाही. तरीही मोठमोठ्या पदव्यांची माणसे माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून म्हणतात, "भाऊसाहेब, जरा कडक लिवा." कडक म्हणजे काय, हे त्यांना सांगता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला खरे तर शिवी द्यायची असते. शिवीला टपालात जागा नाही. ती शिवी "अत्यंत खेदाने नमूद करावेसे वाटते की" या शब्दांत अशी बसवायची की साहेबाला ती वाचताना नम्र वाटावी आणि घरी गेल्यावर लागावी, हे माझे कसब आहे. विनंती अर्जात गुडघे टेकायचे असतात, तक्रार अर्जात बोट दाखवायचे असते, आणि स्मरणपत्रात गुडघे टेकलेल्या अवस्थेत बोट दाखवायचे असते. शेवटचा प्रकार सर्वांत अवघड आहे व माझी ख्याती त्याच प्रकारात आहे.

गिऱ्हाइके नाना प्रकारची. पिंपळीहून एक गृहस्थ एवढ्या लांब माझे नाव ऐकून आले. शेजाऱ्याचा कोंबडा मुद्दाम यांच्या दारात येऊन आरवतो, त्यास समज मिळावी, अशी त्यांची मागणी होती.

"मुद्दाम कशावरून?" मी विचारले.

"माझ्याकडं बघून आरवतोय."

मी 'हेतुपुरस्सर' हा शब्द घातला. गृहस्थाने तो मोठ्याने वाचायला लावला व डोळे मिटून ऐकला. पुढच्या खेपेस ते आले तेव्हा अर्ज भावाविरुद्ध होता आणि कोंबड्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून कोंबड्याचा निकाल कचेरीबाहेर लागला असावा, असा निष्कर्ष मी काढला.

आता अर्ज संगणकावर भरतात. तिथल्या चौकटीत ठरावीक अक्षरे मावतात. माणूस तिसऱ्या ओळीत रडायला लागला की चौकट संपते. माझ्या कागदाला अशी मर्यादा कधीच नव्हती, मागे पाठपोट लिहिता येत असे. असो. हा विषय लांबवला तर स्मरणपत्र होईल.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

या मंडळाचा इतिहास एका जाळ्यापासून सुरू होतो. कोमल रांगत होती त्या काळी सोपानरावांनी पहाटे फुगवट्यात टाकलेले जाळे ओढले. त्यात चिलापी मासे होतेच, शिवाय एक चेंडू होता. काळापांढरा, फुगलेला, कुठून वाहत आला देव जाणे. चिलापीला बाजारात भाव होता, चेंडूला नव्हता. सोपानरावांनी तो काठावर फेकला, तो टप्पा घेऊन पाण्याकडे परत आला, तेव्हा त्यांनी त्याला लाथ मारली. मंडळाची स्थापना हीच, असे ते आजही सांगतात. त्यांच्या मते चेंडू स्वतःहून गावात आला, म्हणजे तो पाहुणा आहे व त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही.

मैदानही असेच आयते मिळाले. धरण होण्यापूर्वी जिथे गावाची खळी होती, ती जागा उन्हाळ्यात उघडी पडते. गाळ वाळून अशी सपाट बसते की तीवर पाण्याची घागर ठेवावी आणि ती डुगू नये. देवळाचा कळस पाण्याबाहेर आला की मुले बूट शोधू लागतात, देवळाचे दार दिसले की फक्की मारून रेषा आखतात. पावसाळ्यात पाणी चढते आणि त्याच रेषांवरून मासे फिरतात.

गौतम सर इंदापूरच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांची सासुरवाडी पळसदेवची. सासऱ्यांना भेटायला आले आणि मैदानावर गेले, ते जेवायला परतलेच नाहीत. नियम, सराव, शिट्टी हे सगळे त्यांनी आणले. मंडळाची रीतसर नोंदणी व्हावी, हा आग्रहही त्यांचाच. तेव्हा सोपानराव आणि ते, दोघे माझ्या टेबलापुढे उभे राहिले.

"भाऊसाहेब, फुटबॉलचं मंडळ काढायचंय," सोपानराव म्हणाले.

मी लेखणी उचलली व म्हणालो, "फुटबॉल हा शब्द माझ्या अर्जात येणार नाही. आपण 'पदकंदुक' लिहू. पद म्हणजे पाय, कंदुक म्हणजे चेंडू."

गौतम सर म्हणाले, "भाऊसाहेब, कुणाला कळणार नाही हो."

"न कळणे हे अर्जाच्या दृष्टीने चांगलेच असते," मी म्हणालो. "कळलेल्या अर्जावर शेरा मारून तो फेकता येतो. न कळलेला अर्ज वरच्या साहेबाकडे जातो."

माझे हे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले, हे मी आवर्जून नमूद करतो. अर्ज वर गेला. तिथल्या एका कारकुनाने 'कंदुक' हे लिहिण्यातली चूक समजून मनातल्या मनात दुरुस्त केले आणि 'पळसदेव येथील बंदूक मंडळाबाबत चौकशी व्हावी' असा शेरा मारून कागद पोलिसांकडे धाडला.

सराव चालू असताना मोटारसायकलवरून एक हवालदार उतरले. मी त्या दिवशी पाहणीसाठी हजर होतो.

"बंदुका कुठं हायत?" त्यांनी विचारले.

सोपानराव सरळ मनाचे. त्यांना वाटले, साहेब गमतीत पायांना बंदुका म्हणताहेत. त्यांनी पोरांकडे हात केला. "ह्या काय. डाव्या पायाचा तो गण्या, त्याचा नेम लई भारी हाय."

हवालदारांनी गण्याला बाजूला घेतले. गण्या रडायला लागला. मी पुढे होऊन 'पदकंदुक' या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. हवालदारांनी ती शांतपणे ऐकली, मग टोपी काढून कपाळ पुसले.

"तुमी कोण?"

"मंडळाचा कायदेशीर सल्लागार."

"मग मंडळाला वाचवा आधी तुमच्यापासनं," ते म्हणाले. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी एक पेनल्टी मारली आणि ती बाहेर गेली, हेही नोंदवून ठेवतो.

गावात आजही आमच्या मंडळाला बंदूक मंडळ म्हणतात. समोरच्या संघांना त्याचा थोडा धाक वाटतो, असे माझे निरीक्षण आहे. शब्द माझा बरोबरच होता. वाचणाऱ्याचे डोळे कच्चे होते.

गोलाच्या खांबांना लावायला जाळी हवी होती. ती सोपानरावांनी घरातून आणली. मंदाकाकूंनी भर मैदानात येऊन जाब विचारला.

"चांगलं जाळं गोलाला लावलंय. आन् आमी काय आता चेंडू शिजवून खायचा?"

"फाटकं हुतं गं ते."

"फाटकं हुतं तर चेंडू कसा अडकतुय? म्हंजी मासा निसटंल आन् चेंडू न्हाय, व्हय?"

तडजोड अशी झाली की सामना संपला की जाळे सोडून काकूंच्या स्वाधीन करायचे. त्यामुळे आमच्या गोलाला कायम चिलापीचा वास. सरावाच्या सामन्याला आलेल्या जळोचीकडच्या मुलींच्या संघाच्या गोलरक्षकाने मध्यंतरानंतर त्या बाजूच्या गोलात उभे राहायला नकार दिला व लेखी हरकत घेतली. हरकतीचे उत्तर मी लिहिले : "सदर वास हा उभय संघांना समप्रमाणात उपलब्ध असल्याने पक्षपाताचा प्रश्न उद्भवत नाही." हे माझ्या उत्तम वाक्यांपैकी एक आहे.

कोमल ह्या जाळ्यापुढे वाढली. आईला जाळे ओढू लागून तिच्या हातांत अशी पकड आली आहे की चेंडू तिच्या पंजात आला की बुळबुळीत माशासारखा धडपडतो आणि सुटत नाही. गेल्या वर्षी तिच्या संघाला जिल्ह्याच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला. आम्ही सर्वांनी पेढे खाल्ले. मग नियम वाचले. प्रत्येक संघाने एक सामना स्वतःच्या मैदानावर घ्यायचा आणि त्या मैदानाचा दाखला जोडायचा.

कोमल माझ्या टेबलापाशी येऊन बसली. कॉलेजच्या पिशवीत तिचे हातमोजे होते.

"काका, आमी बारामतीला जातो, पार पुण्यापर्यंत जातो. हिरव्या टर्फवर खेळतो, त्यांचं पाणी पितो, त्यांच्या पोरांच्या टाळ्या ऐकतो. आमच्याकडं सरावाला कुणी आलं तर आलं, स्पर्धेची मॅच खेळायला कुणीच येत न्हाय. आमी कायम पाव्हणेच. एकदा, एकच मॅच आपल्या हितं, आपल्या मानसांसमोर व्हायला पायजे. आईनं अजून मला मॅच खेळताना बघितलं न्हाय. तिला सुट्टी कुठं हाय?"

मी तिला शब्द दिला. अर्जनवीस शब्द देतो तेव्हा तो जपून देतो, कारण त्याच्याकडे दुसरे भांडवल नसते.

मी अर्ज केला. उत्तर आले, आणि तेही वेळेत आले, यावरूनच मला शंका यायला हवी होती : "नमूद जागा अभिलेखात बुडीत क्षेत्र म्हणून नोंद असून सदर ठिकाणी पाणी आहे. सबब मैदानाचा दाखला देता येत नाही."

मी कचेरीत गेलो. संबंधितांना नम्रपणे खिडकीबाहेरचे ऊन दाखवले. "साहेब, आत्ता तिथे धूळ उडते आहे."

"कागदावर पाणी आहे," ते म्हणाले.

"तुम्ही पाहायला चला."

"पाण्यात कसं यायचं?"

हा युक्तिवाद मी धंद्यातला माणूस म्हणून मनोमन वाखाणला. परंतु गावी परतलो तो पुढचा प्रकार समोर आला. मैदानाच्या एका कोपऱ्यात बबनराव ट्रॅक्टर घेऊन उभे होते व त्यांची मका हाताएवढी वर आली होती. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत पेरायला परवानगी मिळते, तिला गाळपेर म्हणतात. बबनरावांनी परवानगीचा कागद दाखवला. त्याच कार्यालयाचा, त्याच शिक्क्याचा. त्यावर स्वच्छ लिहिले होते, 'पेरणीयोग्य जमीन'.

म्हणजे बबनरावांच्या बैलांना, क्षमा करा, ट्रॅक्टरला ती जमीन आणि कोमलच्या पायांना पाणी. आता कडक लिहायची गरज नव्हती. कागदच कडक होता.

दुसऱ्या दिवशी बबनराव मधल्या रेषेकडे नांगर वळवणार, तोच मंदाकाकू जाळे खांद्यावर टाकून आल्या. त्यांच्याकडे मासेमारीचा परवाना आहे, ही गोष्ट मी त्यांना आदल्या दिवशी समजावून दिली होती.

"बबनदादा, ट्रॅक्टर मागं घ्या. हितं पाणी हाय."

बबनरावांनी पायाखालच्या ढेकळांकडे पाहिले. "कुठाय पाणी, वहिनी?"

"सरकारनं लिवून दिलंय. भाऊसाहेब, दावा त्यांना." मी कागद दाखवला. "आन् पाण्यात जाळं लावायचा परवाना माझ्याकडं हाय. दोन खांब हिकडं, दोन खांब तिकडं. जाळ्यात ट्रॅक्टर घुसवला तर नुकसान भरून मागीन."

"मग माझी मका काय चिलापी हाय व्हय?"

"ते तुमी साहेबाला इचारा. पाण्यात उगावली म्हंजी शेवाळच की."

गाव हसले. बबनरावही हसले, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे भाग आहे. त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला. उगवलेली मका मात्र काढली नाही. त्यामुळे आमच्या मैदानाला एका कोपऱ्यात निशाणाऐवजी मका आहे.

दाखला नव्हता, तरी गौतम सरांनी स्पर्धेच्या आयोजकांना गळ घातली. आयोजक म्हणाले, सामना घ्या, दाखला मागाहून द्या. तारीख ठरली. जळोचीचा तोच संघ, तीच वास न सोसणारी गोलरक्षक. आल्या आल्या तिने नाकाला ओढणी लावली.

ह्या सामन्याविषयी मी पंचनाम्याच्या भाषेत लिहायचे ठरवले होते, परंतु ते जमत नाही. काठावर गाव उभे होते. ज्या म्हाताऱ्यांनी ह्याच जागी खळ्यात मळणी केली होती, ते देवळाच्या चौथऱ्यावर बसून खेळाला सूचना देत होते. एका आबांना शेवटपर्यंत वाटत राहिले की चेंडू हाताने उचलायचा व मुली संकोचाने उचलत नाहीत. "घे की गं हातात! कोण काय म्हनत न्हाय तुला!" असे ते ओरडत होते. दुसऱ्या टोकाला कोमल हाताने चेंडू धरत होती, तेव्हा आबा टाळ्या वाजवत, "हिला कळलंय बगा."

आमचा गोल मक्याने केला, असे जळोचीकर म्हणतात. आमच्या मुलीने कोपऱ्यातून मारलेला चेंडू मक्याच्या धाटांना घासून वळला आणि आत गेला. निसर्गाचा त्यात हात असेल, पण मका आमच्या संघाच्या बाजूने उभी नव्हती, ती बबनरावांची होती.

शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मंदाकाकू आमच्याच गोलामागे, स्वतःच्या जाळ्याला हात लावून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, घाई करू नगंस. आधी मासा हालू दे."

कोमल हलली नाही. मारणारी हलली. चेंडू डावीकडे खाली आला आणि कोमलने तो पाण्यातून मासा उचलावा तसा छातीशी घेतला. जाळे कोरडेच राहिले. मंदाकाकू म्हणाल्या, "आता घ्या जाळं सोडून. सांजच्याला पायजे." आणि पदराने डोळे पुसले. धूळ होती, असे त्यांचे म्हणणे आहे. मी ते ग्राह्य धरले.

आम्ही जिंकलो. आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर.

पंधरवड्यात आयोजकांचे पत्र आले. त्यांनी दाखल्यासाठी कार्यालयाकडे विचारणा केली होती आणि कार्यालयाने आपले नेहमीचे उत्तर दिले होते. पत्रात लिहिले होते : "मैदान पाण्याखाली असल्याने सामना रद्द समजण्यात येत आहे."

पत्र मी मैदानावरच वाचून दाखवले. ऊन इतके होते की कागद हातात तापला होता. कोमलने हातमोजे काढून पिशवीत घातले. सोपानराव म्हणाले, "भाऊसाहेब, पाण्याखाली हुतो तर आमी बुडालो कसं न्हाय?"

आजवर लोकांचा राग मी नम्र वाक्यात घालत आलो. त्या दिवशी मला स्वतःलाच कडक अर्ज लिहून हवा होता आणि लिहून देणारा कुणी नव्हता.

मंडळाच्या भावी आकांक्षा वाचकांस कळाव्यात म्हणून सांगतो. गौतम सरांना गायरानात कायमचे मैदान हवे आहे, जिथे पावसाळ्यातही खेळता येईल. सोपानरावांना संघ मुंबईला न्यायचा आहे, कारण त्यांनी समुद्र पाहिलेला नाही व तिथल्या जाळ्यांत काय सापडते याची त्यांना उत्सुकता आहे. कोमलची आकांक्षा मागे वळलेली आहे. जो सामना झाला, तो झाला असे लिहिले जावे, एवढेच तिचे मागणे. पुढच्या स्पर्धेतला तिच्या संघाचा प्रवेश त्यावर अवलंबून आहे.

हे लिहितो आहे तेव्हा फुगवटा भरला आहे, देऊळ पाण्याखाली गेले आहे. मागच्या आठवड्यात, पाणी देवळाच्या दारापर्यंतच चढले होते तेव्हा, सोपानरावांनी मला होडीतून नेले. कोमल वल्हवत होती. सगळीकडे सारखेच पाणी, पण एका ठिकाणी तिने वल्हे थांबवले. "काका, ही पेनल्टीची जागा." मी कशावरून म्हणून विचारले. तिने वल्ह्याने पलीकडे दाखवले. पाण्याबाहेर मक्याची वाळकी धाटे अजून डोके काढून उभी होती. बबनरावांनी कापणीत मैदानाच्या कडेची एक ओळ सोडली होती. मुद्दाम. हेतुपुरस्सर.

त्याच दिवशी मी अर्ज नव्याने लिहिला. त्यात मी 'फुटबॉल' हा शब्द वापरला आहे. गौतम सरांनी तो दोनदा वाचून माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, शब्द माझा अजूनही बरोबर आहे, परंतु पोरीचा सामना आधी.

सबब विनंती की, सामनेवाले कार्यालयाने सदर जागा जमीन आहे की पाणी, हे एकदाच ठरवावे. जमीन असेल तर दाखला द्यावा व झालेला सामना झाला असे आयोजकांस कळवावे. पाणी असेल तर बबनरावांची मका पाण्यात कशी पिकली आणि गावासमोर पेनल्टी अडवणारी मुलगी भिजली कशी नाही, याचा खुलासा करावा.

उत्तर लेखी द्यावे. उत्तर घेऊन येणाऱ्याने उन्हाळ्यात चालत यावे, पावसाळ्यात होडीने यावे. मैदान तेच आहे. कोमल गोलात आहे.